छत्रीधारी सैनिक आणि ग्लायडरमधला सैनिक

दुसऱ्या महायुद्धातला एखादा अमेरिकी जवान '८२व्या एअरबोर्न (म्हणजे हवेतून रणांगणात उतरणाऱ्या) डिव्हिजनमध्ये होता' असं वाचलं, की आपण त्याला पॅराशूट घेऊन उडी मारणारा समजतो. पण त्याची रेजिमेंट, म्हणजे डिव्हिजनमधली तुकडी, ३२५वी असेल, तर तो ग्लायडरमधून उतरला होता. १०१व्या डिव्हिजनमधली ३२७वीही तशीच. ५०१, ५०५, ५०६ हे आकडे छत्रीधाऱ्यांचे. म्हणून आधी रेजिमेंटचा आकडा पाहावा.

छत्रीधारी स्वतःहून भरती व्हायचा. साध्या जवानाला महिन्याला ५० डॉलर जादा मिळत, शिवाय खास बूट आणि छातीवर पंखांचं चिन्ह. ग्लायडरच्या जवानांना कुणी विचारलं नव्हतं. ऑगस्ट १९४२मध्ये ८२वी पायदळ डिव्हिजन एअरबोर्न झाली आणि ३२५वीतले जवान हुकमाने ग्लायडरमध्ये बसले.

आणि बसायचं कशात? वाको ग्लायडर म्हणजे पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर कापड, खाली प्लायवुड. इंजिन नाही. सी-४७ विमान नायलॉनच्या दोराने ते ओढून न्यायचं. दोर सुटला की पुन्हा वर जाता येत नसे. समोर येईल त्या शेतात उतरायचं. जून १९४४मध्ये मित्रराष्ट्रांचं सैन्य फ्रान्सच्या ज्या नॉर्मंडी भागात उतरलं, तिथली शेतं लहान, भोवती मातीचे बांध आणि दाट झाडी. मोकळ्या जागी जर्मनांनी खांब रोवलेले. आतल्या जवानांकडे पॅराशूट नसायचं. १०१व्या डिव्हिजनचे उपप्रमुख जनरल डॉन प्रॅट ६ जून १९४४ला ग्लायडर आदळूनच गेले. मला तरी हे धैर्य उडी मारण्याच्या धैर्यापेक्षा तसूभरही कमी वाटत नाही.

मग इतका धोका का पत्करायचा? छत्रीधारी वाऱ्याने आणि अंधारात विखुरत. नॉर्मंडीत कित्येकांना आपली तुकडी शोधण्यातच वेळ गेला. ग्लायडरमधली तेरा माणसं मात्र एकत्र उतरत. जीप किंवा तोफही त्यातून नेता येई. ५-६ जूनच्या रात्री ब्रिटिश मेजर जॉन हॉवर्ड यांचे जवान हॉर्सा ग्लायडरमधून नॉर्मंडीतल्या कान (Caen) शहराच्या कालव्यावरच्या पुलाशेजारी उतरले आणि काही मिनिटांत पूल घेतला. त्याआधी, ५ मार्च १९४४ला, आसाममधल्या लालाघाटहून निघालेल्या चिंडिटांच्या, म्हणजे जपानी सैन्याच्या पिछाडीला लढणाऱ्या ब्रिटिश फौजेच्या, ग्लायडरमधून छोटे बुलडोझरही ब्रह्मदेशात उतरवले होते, जंगलात धावपट्टी करण्यासाठी.

जमिनीवर पाय टेकले की दोघंही हलकी हत्यारं घेतलेलं पायदळच. ९ जूनला नॉर्मंडीतल्या ला फिएरजवळ ३२५वीतला चार्ल्स डीग्लॉपर सोबत्यांना मागे हटता यावं म्हणून रस्त्यावर उभा राहून गोळीबार करत राहिला आणि तिथेच पडला. त्याला मरणोत्तर मेडल ऑफ ऑनर, हा अमेरिकेचा सर्वोच्च शौर्य सन्मान, मिळाला. ग्लायडरच्या जवानांना धोक्याचा भत्ता लागू झाला तो नॉर्मंडीत उतरल्यानंतर, १९४४च्या उन्हाळ्यात.