शॉक बदलण्याआधी हे वाचा
ॲडॅप्टिव्ह सस्पेन्शन (रस्त्यानुसार शॉक आपोआप मऊ-कडक करणारी यंत्रणा) असलेल्या सेडान गाड्या कडक का चालतात, याविषयी आमच्या ग्राहकांसाठी माहिती

"एवढी महागडी गाडी, आणि चालते मात्र बैलगाडीसारखी!" काउंटरवर ही तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. तिच्यामागून बहुतेक वेळा दुसरं वाक्य येतं, "चारही शॉक गेलेत म्हणाले." बीएमडब्ल्यू, मर्सिडीज किंवा ऑडीच्या इलेक्ट्रॉनिक शॉकची चौकडी म्हणजे लाखांच्या घरातला खर्च. तो करून झाल्यावर गाडी तशीच कडक राहिली, तर ग्राहकाला काय वाटतं हे आम्ही समोर उभं राहून पाहिलं आहे. हे पत्रक त्यासाठीच लिहिलं आहे.

शॉकचं, म्हणजे चाकाजवळच्या शॉक ॲब्झॉर्बरचं, काम स्प्रिंगला आवर घालण्याचं. चाक खड्ड्यात गेलं की स्प्रिंग दबते आणि उसळते. शॉकमधलं तेल बारीक वाटांमधून ढकललं जातं आणि त्यात ती उसळी जिरते. शॉक थकला, तेल गळालं, की उसळी जिरायची थांबते. मग गाडी झुलायला लागते. स्पीडब्रेकर ओलांडल्यावर दोन-तीन हेलकावे खाते, ब्रेक मारला की नाक खाली घालते, वेगात तरंगल्यासारखी वाटते. थोडक्यात, थकलेला शॉक गाडीला बहुधा ढिली करतो. गाडी कडक झाली असेल, तर शॉककडे सगळ्यात शेवटी पाहायचं. आम्ही जमिनीपासून वर जातो, आणि जमिनीला टेकलेला असतो तो टायर.

हवा

ड्रायव्हरचं दार उघडा. खांबावर, किंवा काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, हवेचा स्टिकर असतो. त्यावर दोन-तीन जणांसाठी वेगळा आकडा आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी वेगळा, मोठा आकडा असतो. आकडा बारमध्ये असेल तर १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय. स्टिकरवर २.२ लिहिलं असेल तर ३२ पीएसआय. पंपावरचा मुलगा विचारतो, "किती भरू?" आपण म्हणतो, "भर नेहमीप्रमाणे." मग कुणी ३६ भरतो, कुणी ४०.

स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा आहे. गाडी निदान तीन तास उभी असावी. पंपापर्यंत पाच-सात किलोमीटर चालवून, उन्हात तापलेल्या टायरमध्ये मोजलेला आकडा काही पीएसआयने जास्तच येतो. म्हणून गरम टायरमधली हवा सोडून स्टिकरशी जुळवू नका, सकाळी टायर थंड झाले की ती कमी पडेल. आणि गाडी मऊ व्हावी म्हणून स्टिकरच्या खाली तर अजिबात जाऊ नका. कमी हवेवर टायरची बाजू तापते, आणि खड्ड्यात अलॉयची कड वाकते.

एक गोष्ट सांगतो. कोथरूडहून एक काका आले होते. चार शॉकचं कोटेशन खिशात, चेहरा उतरलेला. गाडी रात्रभर आमच्याकडे ठेवून घेतली आणि सकाळी शटर उघडल्यावर आधी गेज लावला. पुढे ४३, मागे ४४. स्टिकरवर ३२ आणि ३५. हवा उतरवली, टायर प्रेशरचा इशारा नव्याने सेट केला आणि काकांनाच चालवायला दिली. सर्व्हिस रोडवरच्या पहिल्या खड्ड्यानंतर ते काही बोलले नाहीत, फक्त मागे वळून काकूंकडे पाहिलं. त्यांच्या शॉकला आम्ही हातही लावला नाही.

टायर कोणता, किती जुना

हवा बरोबर असूनही दणके बसत असतील तर टायरच्या बाजूवर काय छापलंय ते वाचा. बऱ्याच जर्मन सेडान कंपनीतूनच रनफ्लॅट टायरवर येतात. हवा गेली तरी ताशी ८० च्या वेगानं साधारण ८० किलोमीटर जाता यावं म्हणून त्यांच्या बाजू जाड आणि ताठ केलेल्या असतात. हा ताठपणा हवा असतानाही जाणवतो. सिमेंटच्या रस्त्यांचे जोड आणि मॅनहोलची झाकणं अशा बारीक, टोकदार धक्क्यांना तर तो फारच जाणवतो. साधे टायर टाकले की फरक पडतो, आमचे बरेच ग्राहक त्यावर खूश आहेत. पण डिकीत स्टेपनीला जागा नसेल तर पंक्चर किट आणि छोटा कॉम्प्रेसर ठेवल्याशिवाय आम्ही ते टाकून देत नाही. घाटात रात्री पंक्चर झालं तर काय, याचं उत्तर आधी हवं.

दुसरं कारण मोठे अलॉय. हिशेबच करू. २२५/५५ आर १७ या टायरची बाजू सुमारे १२४ मिलिमीटर उंच. त्याच गाडीला २४५/४० आर १९ बसवले की ती उरते ९८. चाकाची एकूण उंची जवळपास तेवढीच, पण रस्ता आणि तुमची कंबर यांच्यामधलं २६ मिलिमीटर रबर आणि हवा गेली. दिसायला १९ इंची चाक देखणं असतं, नाही म्हणत नाही. पण तो धक्का कुठलाही शॉक पूर्ण गिळू शकत नाही.

आणि वय. टायरच्या बाजूवर डीओटी (DOT) या अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे पाहा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. फक्त रविवारी बाहेर पडणाऱ्या गाड्यांच्या टायरची नक्षी नव्यासारखी असते, पण रबर आतून कडक झालेलं असतं. नखानं दाबून पाहा, नव्या टायरशेजारी फरक लगेच कळतो.

मोड

कम्फर्ट आणि स्पोर्ट या बटणांची चाचणी फुकट आहे. एकच खराब रस्ता निवडा, तिथून ताशी ३० च्या वेगानं एकदा कम्फर्टमध्ये जा, एकदा स्पोर्टमध्ये. फरक जाणवला पाहिजे. काही गाड्यांत इंडिव्हिज्युअल मोडमध्ये सस्पेन्शन वेगळं सेट करता येतं. इंजिन कम्फर्टमध्ये आणि शॉक मात्र कधीतरी स्पोर्टवर ठेवलेले, असं आम्ही अनेकदा पाहिलंय. बहुतेक वेळा मुलानं केलेलं असतं.

दोन्ही मोडमध्ये गाडी सारखीच कडक वाटली, तर गोष्ट इलेक्ट्रॉनिक्सकडे वळते. तुमच्या शॉकमध्ये विजेवर चालणारा वॉल्व्ह असतो. सेन्सर गाडीची हालचाल कंट्रोल युनिटला कळवतात आणि ते वॉल्व्हला कमी-जास्त करंट देतं. अनेक गाड्यांत हा वॉल्व्ह असा बनवलेला असतो की करंट तुटला तर तो कडक बाजूला जाऊन बसतो. वेगात, वळणावर गाडी अचानक ढिली पडण्यापेक्षा कडक राहिलेली बरी, म्हणून. मॅग्नेटिक तेलाच्या शॉकमध्ये (यात करंटनं तेलच घट्ट होतं), जे २००२ मध्ये कॅडिलॅकच्या सेव्हिल या गाडीत पहिल्यांदा आले, बरोबर उलटं: करंट गेला की शॉक मऊ पडतो. त्यामुळे गाडीत कोणती यंत्रणा आहे हे कळल्याशिवाय अंदाज बांधण्यात अर्थ नाही.

करंट तुटायला फार मोठं काही घडावं लागत नाही. शॉकच्या कनेक्टरमध्ये पावसाळ्यात पाणी शिरतं आणि पिना हिरव्या पडतात. बेसमेंट पार्किंगमधले उंदीर वायर कुरतडतात. अशा वेळी आम्ही स्कॅनर लावून चारही कोपऱ्यांचा करंट आणि उंचीचे आकडे शेजारी शेजारी पाहतो, मग मीटरनं वॉल्व्हच्या कॉइलचा रेझिस्टन्स मोजतो. तीन सारखे आणि एक वेगळा आला की चोर सापडला. कितीतरी वेळा काम एका कनेक्टरवर भागतं.

एअर सस्पेन्शन असेल तर

इथे स्प्रिंगच्या जागी रबराचा हवा भरलेला फुगा असतो. त्याच्या घड्यांवर वर्षानुवर्षांनी चिरा पडतात. रात्री गाडी लावल्यावर चाकाच्या मध्यापासून वरच्या फेंडरच्या कडेपर्यंत टेपनं मोजा, चारही बाजूंचे आकडे लिहून ठेवा आणि सकाळी गाडी चालू न करता, दार न उघडता पुन्हा मोजा. एकच कोपरा उतरला असेल तर हवा गळतेय. बसलेली गाडी बंप स्टॉपच्या, म्हणजे शेवटच्या आधाराच्या, रबरावर टेकते, मग चालवताना दगडासारखी लागते. हे लांबणीवर टाकू नका, कारण गळती भरून काढायला कॉम्प्रेसर सतत पळत राहतो आणि शेवटी तोही जळतो. फुग्याच्या कामात कॉम्प्रेसरचं काम वाढून बसतं.

याच्या उलटही होतं. उंची मोजणाऱ्या सेन्सरची बोटभर लांबीची काडी तुटली तर गाडीला वाटतं तो कोपरा खाली आहे, आणि ती तिथे हवा भरत राहते. कोपरा वर चढतो, चाकाला खाली उतरायला वाव उरत नाही आणि प्रत्येक खड्ड्यात टक्कन आवाज येतो.

कृपया लक्षात ठेवा: एअर सस्पेन्शनची गाडी पुस्तकात सांगितलेला जॅक मोड (उंची आपोआप बदलणं थांबवणारी सेटिंग) लावल्याशिवाय उचलू नका, आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही, एका मिनिटासाठीही शिरू नका.

बुश, आणि बोल्ट आवळण्याची पद्धत

याविषयी आम्हाला मनापासून सांगायचंय, कारण ही चूक बाहेरून दिसतच नाही. एक ताई नवीन लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) बसवलेली गाडी घेऊन आल्या. पार्ट चांगल्या कंपनीचे, बिलं सगळी जवळ, आणि तरी गाडी आधीपेक्षा कडक. गाडी लिफ्टवर घेतली. बुशच्या, म्हणजे आर्मच्या सांध्यात बसणाऱ्या तुकड्याच्या, रबरावर तिरप्या सुरकुत्या होत्या, ओला टॉवेल पिळताना पडतात तशा. बोल्ट गाडी हवेत असताना, चाकं लोंबकळत असताना आवळले होते. गाडी खाली उतरली की आर्म वर फिरतो, पण बोल्टनं धरलेला बुश जागचा हलत नाही आणि कायमचा पिळलेला राहतो. तो पीळ स्प्रिंगसारखा वागतो, शिवाय रबर लवकर फाटतं. आम्ही बोल्ट सैल केले, गाडी चाकांवर उभी केली, दाबून बसू दिली आणि त्याच उंचीवर बोल्ट ठरलेल्या टॉर्कनं, म्हणजे ठरलेल्या जोरानं, आवळले. एकही पार्ट बदलला नाही. तुमच्या गाडीचे आर्म कुठेही बदला, पण बोल्ट कोणत्या स्थितीत आवळणार हे जरूर विचारा.

शॉक खरंच गेला असेल तर

जातात, का नाही. अंगावरून तेल ओघळत असेल, वॉल्व्ह अडकला असेल, तर बदलावेच लागतात, आणि एका ॲक्सलवर (पुढे किंवा मागे) जोडीनंच. नुसता ओलसर थर आणि धूळ म्हणजे गळती नव्हे. तो पुसून पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा पाहावं.

"इलेक्ट्रॉनिक काढून साधे शॉक टाकू का?" असं बरेच जण विचारतात. खर्च वाचतो हे खरं. पण डॅशबोर्डवरचा इशारा घालवायला गाडीच्या संगणकात कोडिंग करावं लागतं, स्प्रिंग जुळतात की नाही हे पाहावं लागतं, आणि ज्यासाठी ही गाडी घेतली तीच गोष्ट हातची जाते. आमचा सल्ला सहसा नाही असाच असतो.

येण्याआधी

गाडी नेमकी कुठे लागते ते दोन दिवस लक्ष देऊन पाहा: एक्सप्रेसवेच्या जोडांवर की मोठ्या स्पीडब्रेकरवर, डावीकडे की उजवीकडे, हळूहळू झालं की एका दिवसात. कुठल्या कामानंतर सुरू झालं असेल तर ते बिल घेऊन या. ट्रायल आम्ही तुमच्यासोबत घेतो, आणि पहिल्यांदा गाडी तुम्हीच चालवायची. तपासणीचा लेखी अहवाल काम आमच्याकडे केलं नाही तरी मिळतो.

शक्यतो आदल्या संध्याकाळी गाडी सोडून जा, म्हणजे सकाळी थंड टायरवर गेज लावता येईल. आणि येताना वाटेत हवा भरून घेऊ नका.