मुळा की मुठा? शब्दकोड्यातल्या माहितीची पार्श्वभूमी

‘पुण्यातली नदी (२)’. कंसातला आकडा अक्षरांचा. सोडवणारा पहिल्या चौकोनात ‘मु’ लिहितो आणि थांबतो, कारण पुढे ‘ळा’ही चालतो आणि ‘ठा’ही. भूगोल येतो, तरी उत्तर येत नाही. मग नजर उभ्या शब्दाकडे जाते: ‘धान्याचा ____ (२)’. साठा! म्हणजे मुठा. नदीचा निकाल धान्याने लावला.

शब्दकोड्यातला क्लू एकटा असला की बराचसा अंदाजाचा मामला असतो. त्याला छेदणारा शब्द भेटला की अंदाजाचं उत्तर होतं. छेदच नसेल किंवा असूनही निकाल लागत नसेल तर काय होतं, हे ठरवायला एकदा प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं आणि त्यात एक बाजू होती मुंबई राज्याची. पण आधी न्यूयॉर्कला जाऊन येऊ, कारण सुरुवात तिथली.

लिव्हरपूलमध्ये जन्मलेला आर्थर विन ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या दैनिकाची ‘फन’ नावाची रविवार पुरवणी सांभाळत असे. नाताळच्या अंकात जागा भरायला त्याने एक नवं कोडं रचलं आणि ते २१ डिसेंबर १९१३ रोजी छापून आलं. आकार शंकरपाळ्यासारखा, मधोमध पोकळ, आणि नाव ‘वर्ड-क्रॉस’. पुढे काही आठवड्यांत छापखान्यातल्या गफलतीने शब्दांची अदलाबदल झाली आणि ‘क्रॉस-वर्ड’ हेच नाव चिकटलं.

त्या पहिल्या कोड्याचे क्लू आज वाचले तर गंमत वाटते. ‘हिंस्र प्राणी’ म्हणजे सिंह, ‘रशियातली नदी’ म्हणजे नेव्हा, इथवर ठीक. पण ‘गोमुती माडाचे तंतू’? उत्तर तीन रोमन अक्षरांचं: डी-ओ-एच. न्यूयॉर्कच्या ट्राममध्ये पेपर वाचणाऱ्या माणसाचा आग्नेय आशियातल्या माडाच्या काथ्याशी काय संबंध? काही नाही. विनला तिथे ती तीन अक्षरं बसवायची होती आणि शब्दकोशात तेवढंच सापडलं. शिवाय ‘डव्ह’ हा शब्द त्याने एकाच कोड्यात दोनदा वापरला, एकदा ‘पक्षी’ म्हणून आणि एकदा ‘पारवा’ म्हणून. आज असं कोडं पाठवलं तर कुठलाही संपादक परतीच्या टपालाने परत करेल.

१९२४ मध्ये सायमन आणि शुस्टर या नव्या प्रकाशकांनी शब्दकोड्यांचं पहिलं पुस्तक काढलं. सोबत पेन्सिल जोडलेली. आपटलं तर अब्रू नको जायला, म्हणून मुखपृष्ठावर स्वतःचं नाव घालायचंही त्यांनी टाळलं होतं. पुस्तक तुफान खपलं. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्याच वर्षी या नादाला वेळेची पापी उधळपट्टी म्हणून झोडपलं. पुढे महायुद्धाच्या काळात, १५ फेब्रुवारी १९४२ पासून, त्याच टाइम्सने स्वतःचं कोडं सुरू केलं आणि संपादक म्हणून मार्गारेट फरार यांना नेमलं. पहिल्या पुस्तकाच्या तीन संपादकांपैकी त्या एक.

अमेरिकन कोड्याला शिस्त लागली ती बरीचशी फरारबाईंच्या काळात. प्रत्येक पांढरा चौकोन आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही शब्दांत हवा, तीन अक्षरांहून लहान शब्द नको, काळे चौकोन समोरासमोर जुळणारे हवेत. नियम साधे दिसतात, पण त्यांनी माहितीची निवडच बदलून टाकली. सगळीकडे छेद म्हटल्यावर स्वरांनी भरलेले छोटे शब्द सतत लागतात, आणि मग जगातल्या ज्या गोष्टींच्या रोमन स्पेलिंगात स्वर भरपूर, त्यांचं नशीब उघडतं. आग्रा त्यातलंच. ‘ताजमहालाचं गाव’ हा क्लू अमेरिकेत इतका झिजलाय की ज्याला नकाशावर भारत दाखवता येणार नाही, तोही डोळे मिटून आग्रा लिहील. पुणे, नागपूर यांना तो मान नाही. साडी, राणी, राग, आणि ‘जुनं भारतीय नाणं’ म्हणून आणा, हे सगळे तिथले नेहमीचे पाहुणे. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि आणा मोडीत निघाला. तिकडे तो अजून चलनात आहे.

फरारबाईंनंतर विल वेंग, आणि मग युजीन मलेस्का. मलेस्कांच्या काळात आडवळणाच्या नद्या, वनस्पती आणि जुने काव्यशब्द यांची चलती होती. १९९३ मध्ये आलेल्या विल शॉर्ट्झने दूरदर्शन मालिका, ब्रँडची नावं, बोलभाषा आत घेतली. त्याच्याच कारकिर्दीतलं ५ नोव्हेंबर १९९६ चं कोडं इथे सांगायलाच हवं. त्या दिवशी अमेरिकेत अध्यक्षपदाचं मतदान होतं. क्लू होता, उद्याच्या पेपरातली मुख्य बातमी. रचनाकार जेरेमाया फॅरल यांनी अशी योजना केली होती की ‘क्लिंटन’ लिहा किंवा ‘बॉब डोल’, दोन्ही सात अक्षरी आणि दोन्ही बरोबर. उभ्या शब्दांचे क्लूही दुतोंडी: हॅलोविनचा काळा प्राणी मांजरही असू शकतो आणि वटवाघूळही, इंग्रजीत फरक फक्त पहिल्या अक्षराचा.

फॅरल यांनी जे कौतुकासाठी केलं, तेच आपल्याकडे काही दशकं आधी धंद्यासाठी चाललं होतं. बक्षिसांच्या शब्दकोड्यांत प्रवेश फी भरायची, कूपन पाठवायचं आणि निकालाची वाट बघायची. आर. एम. डी. चमारबागवाला यांची स्पर्धा ‘स्पोर्टिंग स्टार’ या साप्ताहिकातून चाले. अंक बंगळूरला छापला जाई, पण मुंबई राज्यात जोरात खपे आणि कूपनं व पैसे गोळा करणारी माणसंही इथे नेमलेली असत. मुंबई सरकारने १९४८ च्या आपल्या कायद्यात १९५२ साली दुरुस्ती करून बाहेर छापलेल्या अंकांतल्या स्पर्धांनाही कर आणि परवान्याच्या कक्षेत आणलं. चमारबागवाला उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. सरकार अपिलात गेलं.

खरी मेख क्लूमध्ये होती. एकाच जागी दोन शब्द सारखेच बसत आणि त्यातला ‘बरोबर’ कोणता, ते आयोजकांनी आधीच ठरवलेल्या उत्तराशी ताडून पाहिलं जाई. मुळाही नदी, मुठाही नदी, पण बक्षीस मुठालाच, कारण पाकिटात मुठा आहे. तुमचं ज्ञान नदीपर्यंत. पाकिटातलं कसं कळणार? ९ एप्रिल १९५७ ला, म्हणजे आणा गेल्यानंतर जेमतेम आठवड्याने, सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांच्या पीठाने सरकारचं अपील मान्य केलं: ही स्पर्धा जुगार आहे आणि जुगाराला व्यापार म्हणून घटनेचं संरक्षण नाही. त्याच दिवशीच्या दुसऱ्या निकालात १९५५ चा केंद्राचा बक्षीस स्पर्धा कायदा वाचवताना न्यायालयाने रेघ ओढली, की ज्या स्पर्धेत यश मोठ्या प्रमाणात कौशल्यावर अवलंबून असतं तिला हा कायदा लागू नाही. केंद्राच्या त्या कायद्यात शब्दकोड्याचा नावानिशी उल्लेख आहे. महिन्याला एकूण हजार रुपयांवर बक्षिसं नकोत, दोन हजारांवर प्रवेशिका नकोत, असं त्यात म्हटलंय. पुढे रमीपासून ऑनलाइन खेळांपर्यंतच्या वादांत वकील हेच चमारबागवाला निकाल उघडत आलेत.

बक्षिसं आटली, पण पेपरातलं कोडं राहिलं, आणि मराठीत आल्यावर त्याचा स्वभावच पालटला. आपल्याकडे एका चौकोनात अक्षर मावतं ते काना-मात्रा-जोडाक्षरासकट. ‘ज्ञानेश्वर’ चार चौकोनांत. त्यामुळे आग्र्याची गरज उरत नाही, पण छेद जुळवणं भलतंच कठीण होतं: ‘म’ला ‘मा’ चालत नाही. तत्सम इकारान्त-उकारान्त शब्द मराठीत दीर्घ लिहायचे, या नियमाने ‘रवी’ दीर्घ, पण रविवार ऱ्हस्व. उभ्या रविवारात आडवा रवी अडकला की रचणाऱ्याला एकतर कोडं मोडावं लागतं, नाहीतर शुद्धलेखन. आमच्या शेजारचे एक निवृत्त मास्तर अशा वेळी पेन्सिल खाली ठेवून पेपरालाच शिव्या घालत.

म्हणून मराठी रचनाकाराचा आग्रा म्हणजे समानार्थी शब्दांची पोतडी: अमरकोश आणि महाभारत. अर्जुन दोन अक्षरांत हवा तर पार्थ, तीनांत किरीटी, चारांत धनंजय, गुडाकेश, सव्यसाची, काय हवं ते घ्या. कमळाचंही तसंच: पंकज, सरोज, नलिन, राजीव. सोय आहे तीच अडचणही आहे. ‘भुंगा (३)’ असं दिलं, की मिलिंद, भ्रमर, मधुप, षट्पद, चौघेही दारात उभे. आत कुणाला घ्यायचं ते मधल्या चौकोनातून खाली उतरणारा शब्द सांगतो. तिथला क्लू आहे, ‘सरबताचं आंबट फळ (२)’.