पत्रा फाटण्याआधी

पत्र्याच्या दोन कॉइल घ्या. जाडी तीच, ग्रेड तोच, ओढून ताकद पाहणाऱ्या टेन्साइल चाचणीचे आकडेही जवळपास सारखे. तरी एका कॉइलचे सगळे भाग प्रेसमधून नीट उतरतात आणि दुसरीचा पत्रा कोपऱ्यात फाटतो. प्रेसकाम करणाऱ्यांना हा अनुभव जुनाच. पत्र्याचा मजबूतपणा मोजणे तुलनेने सोपे होते. तो घडताना कुठवर साथ देईल, हे कसे विचारायचे तेच ठरायला बराच काळ गेला.

मुळाशी असलेली कल्पना फ्रेंच अभियंते कोंसिदेर यांनी १८८५ मध्ये मांडली. पट्टी ओढत गेलो की तिचा छेद घटतो, पण ओढल्यामुळे धातू कठीणही होतो. ही कठीणता घटत्या छेदाची भरपाई करते तोवर पट्टी सगळीकडे सारखी ताणली जाते. भरपाई अपुरी पडली की एकाच जागी पत्रा आवळतो. यालाच नेकिंग म्हणतात. त्यानंतर फाटणे लांब नसते.

कारखान्याला मात्र झटपट होणारी परीक्षा हवी होती. ती बर्लिनमध्ये काम करणाऱ्या आब्राहाम एरिक्सन या नॉर्वेजियन अभियंत्याने १९१० च्या दशकात दिली. पत्र्याचा तुकडा घट्ट पकडायचा, २० मिमी व्यासाच्या गोल टोकाचा पंच, म्हणजे दाबणारा दांडा, त्यात दाबत न्यायचा आणि वाटीला आरपार तडा गेला की थांबून खोली मोजायची. ती खोली, मिलिमीटरमध्ये, हाच पत्र्याचा गुणांक. यंत्राला आरसा असे. तडा कधी जातो हे त्यात पाहायचे. मुरलेला माणूस आकड्याइतकाच तडाही वाचत असे. तडा गोलाकार गेला तर पत्रा सर्व दिशांना सारखा आणि सरळ रेषेत गेला तर रोलिंगच्या, म्हणजे पत्रा रुळांतून लाटल्याच्या, दिशेचा परिणाम शिल्लक. अमेरिकेत अशाच चाचणीला टिनियस ओल्सन यांचे नाव मिळाले. तेही जन्माने नॉर्वेचेच.

चाचणी स्वस्त होती, म्हणून टिकली. आजही टिकून आहे. पण वंगण बदलले की आकडा बदलतो, जाडी बदलली की बदलतो. त्याहून मोठी अडचण अशी की कडा पक्क्या धरलेल्या असल्याने इथे पत्रा फक्त ताणला जातो. खोल डबा काढताना तसे होत नाही. बाहेरची किनार आत सरकत येते आणि सरकताना परिघाच्या दिशेने दाबली जाते. ही ओढाई वेगळी मोजायला हवी होती. शेफील्डचे एच. डब्ल्यू. स्विफ्ट यांच्या नावाची सपाट तळाच्या कपाची चाचणी तेच करते: ब्लँकचा, म्हणजे कापून घेतलेल्या सपाट चकतीचा, व्यास वाढवत जायचा आणि तळ न फाटता पंचाच्या किती पट मोठी चकती ओढता येते ते पाहायचे. चांगल्या पत्र्यात हे गुणोत्तर दोनच्या आसपास किंवा थोडे वर जाते.

१९५० मध्ये लँकफोर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या फरकामागचे कारण एका साध्या मापात पकडले. पट्टी ओढताना ती रुंदीत जास्त आकसते की जाडीत? रुंदीतला स्ट्रेन, म्हणजे मापातला सापेक्ष बदल, भागिले जाडीतला स्ट्रेन, हे गुणोत्तर म्हणजे आर-मूल्य. ते एकच्या वर असेल तर पत्रा पातळ व्हायला नाखूश असतो आणि खोल ओढाईला चांगला. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात ते बहुधा एकच्या खाली राहते. पोलादासाठी बेतलेल्या डायमध्ये, म्हणजे प्रेसच्या साच्यात, ॲल्युमिनियम टाकून डोक्याला हात लावणाऱ्यांनी हे आधी पाहावे.

पण खरी कलाटणी मिळाली ती पत्र्यावर छापलेल्या वर्तुळांमुळे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत स्टुअर्ट कीलर यांनी बॅकोफेन यांच्या हाताखाली १९६० च्या सुमारास पत्र्यावर बारीक वर्तुळांची जाळी उमटवून तो ताणला. वर्तुळांची लंबवर्तुळे झाली. लांब अक्ष आणि आखूड अक्ष मोजले की त्या ठिकाणी पत्रा कोणत्या दिशेला किती ताणला गेला ते कळते. तड्याजवळची आणि शाबूत भागातली मापे एका आलेखावर मांडली की दोहोंमध्ये सीमारेषा दिसू लागते. कीलर यांनी दोन्ही दिशांना ताणल्या जाणाऱ्या बाजूची रेषा दिली. १९६८ मध्ये गुडविन यांनी एका दिशेला ताण आणि दुसरीला आकुंचन अशी डावी बाजू जोडली. इंग्रजी व्ही अक्षरासारखा हा आलेख म्हणजे फॉर्मिंग लिमिट डायग्राम.

गंमत या व्हीच्या तळाच्या टोकात आहे. पत्रा दोन्ही दिशांना ताणला तर जास्त सोसतो, एकीकडून आकसू दिला तरी जास्त सोसतो. एका दिशेला ताणून दुसरी दिशा जागीच रोखली की तो सर्वांत लवकर हार मानतो. कितीतरी भाग नेमके अशाच जागी फाटतात. आता प्रेसचालकाला नुसती खोली पाहून बसायची गरज नव्हती. भागाच्या कोणत्या कोपऱ्यात किती पल्ला उरला आहे, हे मोजता येऊ लागले.

हे असे का, याला वॉर्सातील मार्चिन्याक आणि कुचिन्स्की यांनी १९६७ मध्ये उत्तर दिले: पत्र्यात मुळातच किंचित पातळ पट्टा असतो आणि आवळ तिथून वाढते. अर्धगोल पंचाने वेगवेगळ्या रुंदीच्या पट्ट्या ताणायची जपानमधील नाकाजिमा यांची पद्धत पुढे प्रमाणित झाली. वर्तुळांच्या जागी ठिपक्यांचा फवारा आला आणि मोजायला कॅमेरे बसले.

नव्या उच्च-ताकदीच्या पोलादांनी मात्र हा आलेखही तोकडा ठरवला. ड्युअल फेज, म्हणजे मऊ आणि कठीण अशा दोन घटकांच्या, पोलादाचा भाग आलेखावर सुरक्षित दिसतो आणि कापलेल्या कडेपासून चिरतो, कारण कापतानाच ती कड जखमी झालेली असते. त्यासाठी आयएसओ १६६३० या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १० मिमीचे छिद्र पंच करून त्यात ६० अंशांचा शंकू घुसवतात आणि कडेला आरपार तडा जाईपर्यंत छिद्र किती टक्के मोठे झाले ते नोंदवतात. एकाच पत्र्याचे आकडे दोन प्रयोगशाळांत जुळत नाहीत अशी तक्रार नेहमीची. त्याचे एक कारण म्हणजे तडा आरपार गेला असे मानून यंत्र नेमके कधी थांबवायचे, हे पुष्कळदा अजूनही पाहणाऱ्याच्या डोळ्यावर असते.