ओझं उचलणं आणि वाहणं (कामाच्या ठिकाणी)

पोती, गोण्या, खोकी, सिमेंटच्या बॅगा, सळ्या असा माल अंगमेहनतीने उचलणं, डोक्यावर किंवा पाठीवर नेणं, त्याची थप्पी लावणं, आणि हे करताना शरीराला इजा होऊ नये म्हणून पाळायच्या मर्यादा आणि पद्धती. महाराष्ट्रात हा विषय निघाला की आधी हमाल आणि माथाडी डोळ्यासमोर येतात, पण गोदाम, बांधकाम, कुरिअर, हॉस्पिटलमधे पेशंटला बेडवरून हलवणं हे सगळं यातच मोडतं. सगळ्यात जास्त त्रास कंबरेच्या खालच्या भागाला होतो, त्यानंतर मान, खांदे, गुडघे.

वजनाची मर्यादा

कारखाने अधिनियम 1948 च्या कलम 34 मधे इजा होईल इतकं जड ओझं कोणालाही उचलायला लावू नये एवढंच म्हटलं होतं, किलोचा आकडा त्यात नव्हता, तो ठरवायचं काम राज्यांच्या नियमांवर सोडलं होतं (2020 च्या कामगार सुरक्षा संहितेत आता हा कायदा सामावला गेलाय). आंतरराष्ट्रीय पातळीवरही जवळपास असंच झालं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1967 मधे कमाल वजनाबद्दल करार क्रमांक 127 केला त्यातही आकडा नाही, आकडा आहे तो सोबतच्या शिफारस क्रमांक 128 मधे, प्रौढ पुरुषासाठी 55 किलो. तो सुद्धा "एवढं उचलणं सुरक्षित आहे" अशा अर्थाने नाही, ज्या देशात याहून जास्त वजन चालतं तिथे ते लवकरात लवकर इथपर्यंत खाली आणा अशा अर्थाने आहे. हा फरक बऱ्याच ठिकाणी विसरला जातो आणि 55 म्हणजे जणू परवानगी असं धरलं जातं.

भारतात बांधकाम कामगारांसाठीच्या 1998 च्या केंद्रीय नियमांत हाच आकडा आला, पुरुष 55 किलो, स्त्री 30, किशोरवयीन मुलगा 30 आणि मुलगी 20. तुलनेसाठी, ब्रिटनमधे 1992 च्या नियमांबरोबर जे मार्गदर्शन दिलं जातं त्यात पुरुषाला 25 आणि स्त्रीला 16 किलो, तेही ओझं कंबरेच्या उंचीला आणि अंगाजवळ असेल तरच, जमिनीवरून उचलायचं असेल तर पुरुषाला सुद्धा 10 किलो.

अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेने 1981 मधे एक सूत्र काढलं आणि 1991 मधे सुधारलं. त्याची सुरुवात 23 किलोपासून होते आणि मग परिस्थिती जसजशी वाईट तसतसा आकडा खाली येतो. ओझं शरीरापासून किती लांब, जमिनीपासून किती उंच, किती अंतर वर न्यायचंय, कंबर वळवावी लागते का, पकड कशी आहे, मिनिटाला किती वेळा उचलायचंय असे सहा गुणक. उदाहरणार्थ पोतं जमिनीवर आहे आणि पकड घोट्यापासून 50 सेंटिमीटर पुढे येतेय, एवढ्या दोनच गोष्टी धरल्या तरी 23 चे साधारण 9 किलो होतात, बाकीचे गुणक अजून लावलेलेच नाहीत. तेच पोतं 25 सेंटिमीटरवर घेतलं तर साधारण 18. आपल्याकडचं 50 किलोचं पोतं या हिशेबात कुठेच बसत नाही हे सरळ आहे.

बसून की वाकून

पोस्टरवर, ट्रेनिंगमधे, सगळीकडे एकच सल्ला असतो, गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा, पायांच्या जोरावर उठा. हा सल्ला नक्की कधी रुळला यावर एकमत नाही, पण विसाव्या शतकाच्या मधल्या दशकांत तो पक्का झाला असावा, आणि स्वीडनच्या नाखेमसन यांनी 1960 च्या दशकात मणक्याच्या चकतीत थेट सुई घालून दाब मोजले त्यानंतर त्याला शास्त्रीय वजन आलं. 1999 मधे जर्मनीतल्या उल्म इथे असंच मोजमाप परत झालं. 20 किलो उचलताना पाठ गोल करून वाकलं तर दाब 2.3 मेगापास्कल (हे दाब मोजायचं एकक), गुडघे वाकवून उचललं तर 1.7. इथपर्यंत पोस्टर बरोबर. पण त्याच प्रयोगात उभं राहून तेच 20 किलो अंगालगत धरलं तेव्हा 1.1 आणि छातीपासून 60 सेंटिमीटर लांब धरलं तेव्हा 1.8, म्हणजे नुसतं अंतर बदललं तरी फरक तेवढाच मोठा. आणि हे सगळे आकडे एकाच माणसाच्या एकाच चकतीतले आहेत हेही लक्षात ठेवायला हवं.

त्याच वर्षी नेदरलँड्सच्या संशोधकांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले आणि बसून उचलणंच चांगलं असं म्हणायला पुरेसा आधार नाही असं मत दिलं. कारण साधं आहे, मोठं पोतं दोन गुडघ्यांच्या मधे मावत नाही, मग बसून उचलताना ते गुडघ्यांच्या पुढे राहतं आणि अंतर वाढतं, वर गुडघ्यांवर ताण पडतो तो वेगळाच. दिवसभर शेकडो वेळा पूर्ण बसून उठणं कोणालाच जमत नाही. उचलण्याच्या ट्रेनिंगने कंबरदुखी टळते का याचे जे एकत्रित आढावे झालेत त्यांचाही निष्कर्ष फारसा आशादायक नाही. त्यामुळे आज जास्त वजनदार वाटणारं मत असं की ओझं अंगालगत घ्या, उचलताना कंबर वळवू नका, पाय वळवा, आणि मुळात जमिनीवरून उचलायची वेळच येऊ नये अशी मांडणी करा, आणि ओझं लहान करा.

बाजारातली पद्धत

हमालांची अनुभवी टोळी नेमकं हेच करते. ट्रकचा फाळका उघडला की हमाल पाठ करून उभा राहतो, वरचे दोघं पोतं सरकवत कडेला आणतात आणि त्याच्या पाठीवर किंवा डोक्यावर देतात, त्यामुळे जमिनीपासून कंबरेपर्यंतचा सगळ्यात धोक्याचा टप्पा गाळला जातो. जमिनीवरचं पोतं असेल तर दोघांनी पोत्याचे कान, म्हणजे कोपरे, धरून उचलायचं आणि तिसऱ्याने घ्यायचं. डोक्यावर चुंबळ (कापडाचं गोल वेटोळं) असते, तिने ओझं टेकायची जागा पसरट होते आणि तोल सांभाळता येतो. थप्पी डोक्याच्या वर गेली की फळी लावून चढावं लागतं आणि पडण्याचे अपघात इथेच होतात.

डोक्यावरून वाहण्याबद्दल 1986 मधे नेचर या विज्ञान नियतकालिकात आलेला केनियातला अभ्यास प्रसिद्ध आहे, लुओ आणि किकुयू जमातींच्या बायका शरीराच्या वजनाच्या 20 टक्क्यांपर्यंत ओझं जवळपास जादा ऊर्जा न खर्चता नेतात असं त्यात दिसलं. नंतर दक्षिण आफ्रिकेत झालेल्या अभ्यासात मात्र असा सरसकट फायदा दिसला नाही. आणि ऊर्जा वाचणं म्हणजे मान वाचणं नव्हे.

महाराष्ट्रात

1969 चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा मुख्यतः नोंदणी, मजुरी आणि लेव्हीचा (मजुरीवर मालकाने भरायची जादा रक्कम) आहे. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या बाजारांतल्या माथाडींनी तो मिळवला. मालक मजुरी आणि त्यावरची लेव्ही माथाडी मंडळाकडे भरतो, त्यातून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, पगारी रजा, औषधपाणी. कंबर गेल्यावर हातात काहीतरी राहतं ते या व्यवस्थेमुळे, जे नोंदणी नसलेल्या हमालाला मिळत नाही.

शरीराच्या दृष्टीने मोठा बदल पोत्यात झाला. साखर आणि धान्याची पोती पूर्वी 95 ते 100 किलोची असत, साधारण गेल्या शतकाच्या अखेरीपासून ती हळूहळू 50 वर आली. यामागे पॅकिंगचे सरकारी नियमही होते आणि हमाल संघटनांचा रेटाही होता, त्यात पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत ठळक. कोणाचं श्रेय किती यावर मतं वेगळी आहेत, पण संघटना नसत्या तर निव्वळ नियमाने हे झालं असतं असं मानणं कठीण आहे, कारण आकडा कागदावर असूनही कांदा-बटाट्याच्या गोण्या 50 च्या वर भरून येतात आणि त्यावरून नवी मुंबईच्या बाजारात माथाडींनी काम थांबवल्याचे प्रसंग घडलेत. सिमेंटची बॅग अजून 50 किलोचीच, युरोपात बऱ्याच ठिकाणी 25 ची मिळते.

स्त्रिया

बांधकामावर घमेली वाहणाऱ्या बायकांबद्दल नोंदी त्रोटक आहेत. 30 किलोची मर्यादा वर आलीच आहे. शिवाय प्रसूती लाभ अधिनियम 1961 च्या कलम 4 नुसार गरोदर स्त्रीने मागणी केली तर प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीचे सहा आठवडे सुरू होण्यापूर्वीच्या एका महिन्यात तिला कष्टाचं काम देता येत नसे (2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आता हा कायदा सामावला गेलाय).