लाकडी सांगाडा, जुन्या उघड्या मोटारींचा : पुनर्बांधणी

जुन्या मोटारींच्या, विशेषतः घडीच्या टपाच्या गाड्यांच्या बॉडीतील कुजलेले किंवा किडलेले लाकडी भाग काढून त्यांच्या जागी त्याच घडणीचे नवे भाग बसविणे. दारांचे खांब, दारांखालच्या आड्या, मागच्या चाकांवरच्या कमानी, समोरच्या काचेवर टेकणारी टपाची पुढची पट्टी आणि कापड ठोकण्याच्या पट्ट्या हे यातील मुख्य भाग होत. सुतार आणि पत्राकाम करणारा कारागीर या दोघांनी एकाच वेळी करावयाचे हे काम आहे.

घोडागाड्या बांधणारे कारखानेच पुढे मोटारींच्या बॉड्या बांधू लागल्याने त्यांचे लाकूडही मोटारीत आले. ब्रिटनमध्ये ते मुख्यतः ॲश (फ्रॅक्सिनस एक्सेलसियर) होते. ॲशची निवड ही केवळ घोडागाड्या बांधण्याच्या परंपरेची सवय होती, असे एक मत आहे. दुसरे मत लाकडाच्या अंगच्या गुणांकडे बोट दाखविते : ॲश चिवट असते, वाफेवर चांगले वाकते आणि पत्रा टाचताना ठोकलेला बारीक खिळा सहसा स्वतः न फाटता धरून ठेवते. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण ब्रिटनची मॉर्गन मोटार कंपनी आजही आपल्या गाड्यांत ॲशच वापरते.

लाकूड कधी मागे पडले याची कालनिश्चिती सरसकट करता येत नाही. अमेरिकेत बॉड्या बनविणाऱ्या बड कंपनीने डॉज मोटारींसाठी 1914 च्या सुमारास सर्व-पोलादी बॉड्या पुरविल्या. जनरल मोटर्सचे पोलादी छप्पर 1935 च्या मॉडेलांपासून आले, तरी आतले लाकूड लगेच गेले नाही. 1935 ही सीमारेषा मानण्याचा प्रघात उघड्या गाड्यांना तर मुळीच लागू पडत नाही. क्राइस्लरच्या ‘टाउन अँड कंट्री’ या 1946–48 च्या उघड्या गाडीत लाकूड बाहेरून दिसेल असेच बसविलेले होते. बॉडी बांधण्याच्या वायमन पद्धतीत (1920 चे दशक) लाकडाचे तुकडे एकमेकांना न टेकता मध्ये धातूच्या पट्ट्या राखून जोडले जात, जेणेकरून बॉडी करकरू नये. अशा बॉडीत नेहमीचा घट्ट कुसवाचा (एका तुकड्याचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसणारा) सांधा घालणे ही मोठी चूक ठरते.

  मराठवाड्यात या कामाला जवळचे कौशल्य म्हणजे बैलगाडीचे चाक बनविणे. तुंबा (चाकाचा मधला ठोकळा), आरे आणि तापवून चढविलेली लोखंडी धाव (चाकाभोवतीची पट्टी) यांचे गणित लाकूड किती आटेल यावरही चालते, आणि ते ज्याला कळते त्याला मोटारीचा सांगाडा समजावून सांगणे सोपे जाते.

लाकडाच्या निवडीबाबत मतभेद आहेत. मूळ जातीचेच लाकूड वापरावे, असे काटेकोर संवर्धक मानतात. नांदेड जिल्ह्यातील किनवटच्या जंगलांमुळे परिचित असलेले सागवान बहुतेकांना सोयीचे वाटते. ते वाळवीला व कुजण्याला दाद देत नाही आणि कमी आटते. मात्र त्यातील सिलिकामुळे रंध्याचे पाते लवकर बोथट होते, आणि तेलकटपणामुळे सांधा थिनरने पुसून लगेच चिकटवावा लागतो. बाभूळ टणक पण जड. धामण आणि तिवस लवचिक असून जुन्या काळी गाड्यांसाठी वापरात होते. पाणी साचणाऱ्या आड्यांना सागवान आणि वाकवावयाच्या कमानींना ॲश ही विभागणी योग्य दिसते, मात्र तिची नोंद गाडीच्या कागदपत्रांत ठेवावी.

मराठवाड्यात खरी अडचण हवामानाची आहे. मे महिन्यात दुपारची सापेक्ष आर्द्रता 20–30 टक्क्यांपर्यंत उतरते, तेव्हा उघड्यावरचे लाकूड 4–6 टक्के ओलाव्यावर स्थिरावू पाहते. पावसाळ्यात 80 टक्के आर्द्रतेला हाच आकडा 15–16 टक्क्यांकडे जातो. ओलीपासून पूर्ण सुकेपर्यंत वर्तुळी दिशेने (वाढीच्या वलयांच्या दिशेने) अमेरिकन पांढरे ॲश सुमारे 7.8 टक्के (युरोपीय त्याहून थोडे अधिक) आणि सागवान 5.8 टक्के आटते. म्हणजे ओलाव्यात 8 टक्क्यांचा फरक पडला, तर 100 मिमी रुंदीची ॲशची फळी सुमारे 2 मिमी आणि सागवानी फळी दीड मिमी हलते. दाराची फट चार-पाच मिमीची असते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचे महत्त्व कळते. उन्हाळ्यात घट्ट बसविलेले दार श्रावणात अडकते. श्रावणात बसविलेले सांधे उन्हाळ्यात खुळखुळतात. म्हणून लाकूड गॅरेजमध्येच महिनोन्महिने ठेवून जुळणी दिवाळीनंतर करणे उत्तम. लांबीच्या दिशेने आटणे नगण्य असल्याने रेषांची दिशा भागाच्या लांबीशी जुळवावी.

जुना तुकडा, मग तो भुसा होत आलेला का असेना, फेकू नये. नव्याचा नमुना तोच. उघड्या गाडीला वरून छताचा आधार नसतो. त्यामुळे जुने लाकूड काढण्यापूर्वी दारांच्या जागी तात्पुरत्या लोखंडी पट्ट्या वेल्ड करून बॉडी जखडावी, नाहीतर ती मध्ये खचते आणि दाराचे मूळ माप कायमचे हरवते. सर्व भाग आधी कोरडेच, स्क्रूवर जोडून दारे लावून पाहावीत. सरस किंवा इपॉक्सी त्यानंतर. टपाची पुढची पट्टी दोन दिशांनी वळलेली असते. ती वाकविण्यापेक्षा तुकडे चिकटवून कोरणे बरे. वाकविताना वाफेची वेळ दर 25 मिमी जाडीस सुमारे एक तास धरतात, आणि भट्टीत वाळविलेले लाकूड सहसा तडकते. पत्र्याला टेकणारी बाजू रंगविल्याशिवाय बसवू नये. पूर्वी जवसाच्या तेलात लाल शिसे मिसळून लावीत. ते विषारी असल्याने आता प्रायमर वापरतात.

2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या आणि चॅसिस, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार न झालेल्या गाड्यांची ‘विंटेज’ म्हणून नोंदणी होते. त्यामुळे काढलेले मूळ तुकडे क्रमांक घालून जपणे आणि नव्या भागाच्या आतल्या बाजूस बसविल्याचे वर्ष कोरणे, हे काम सुताराकडूनच करून घ्यावे.