भूसुरुंग निर्मूलन, उत्तर श्रीलंका

श्रीलंकेच्या उत्तर प्रांतात यादवी युद्धाच्या काळात सरकारी फौज आणि लिट्टे या दोघांनीही पेरलेले सुरुंग शोधून नष्ट करण्याचे काम. २००२ च्या शस्त्रसंधीनंतर ते सुरू झाले, लढाई पुन्हा पेटल्यावर आक्रसले आणि मे २००९ मध्ये युद्ध संपल्यावर मोठ्या प्रमाणावर हाती घेतले गेले. युद्धात विस्थापित होऊन छावण्यांत राहिलेली सुमारे तीन लाख माणसे गावी परतायची होती.

लढणाऱ्या सैन्याला सुरुंगांतून एक वाट मोकळी मिळाली तरी पुरते. मानवतावादी कामात ती सूट नाही. उद्या तिथे नांगर फिरणार, पोरे खेळणार. त्यामुळे ठरलेल्या खोलीपर्यंत संशयित जमिनीची वीत न् वीत तपासावी लागते.

सर्वांत किचकट पट्टा जाफना द्वीपकल्पाच्या तोंडाशी असलेल्या मुहमालईचा. एप्रिल २००० मध्ये द्वीपकल्पाच्या वाटेवरचा एलिफंट पास हा लष्करी तळ लिट्टेच्या हाती गेला. त्यानंतर २००८ पर्यंत आघाडी जवळपास इथेच थिजली होती. ताडाच्या बनांतल्या या मातीत तोफगोळ्यांचे तुकडे इतके, की मेटल डिटेक्टर सारखाच वाजत राहतो. उलट, प्लास्टिकच्या सुरुंगात धातू जेमतेम असतो. लिट्टेने स्वतः बनवलेला ‘जॉनी’ तर लाकडी खोक्यातला.

म्हणून इथे दाताळे कामी आले. शेतातल्यासारखेच, लांब दांड्याचे: जड दाताळ्याने भुसभुशीत माती मोकळी करायची, हलक्याने ती थराथराने आपल्याकडे ओढायची. सुरुंग माथ्यावरच्या दाबाने फुटतो. कडेने माती सरली की त्याची बाजू आधी उघडी पडते. तोंडावर पारदर्शक ढाल असली तरी खरा भरवसा हाताच्या संथपणावर. हे करणाऱ्यांत स्थानिक तमिळ स्त्रिया बऱ्याच आहेत, काही युद्धातच विधवा झालेल्या.

हॅलो ट्रस्ट व मॅग या सुरुंग काढणाऱ्या ब्रिटिश संस्था, स्थानिक संस्था ‘डॅश’ आणि श्रीलंकेचे लष्कर यांच्याबरोबर ‘होरायझन’ व ‘सर्वत्र’ या भारतीय माजी सैनिकांच्या संस्थांनीही इथे काम केले. ‘सर्वत्र’ हे भारतीय लष्कराच्या अभियंता दलाचे ब्रीद. पुण्यात खडकीला मुख्यालय असलेला बॉम्बे सॅपर्स त्याच दलाचा भाग. पाय गमावलेल्यांसाठी जाफन्यात १९८० च्या दशकापासून जयपूर फूट बसवले जातात.

डिसेंबर २०१७ मध्ये श्रीलंका सुरुंगबंदी करारात सामील झाली. त्यानुसार देश सुरुंगमुक्त करण्याची मुदत १ जून २०२८ ही आहे. भारत या करारात नाही.