दोन सर्व्हर आणि तिसरं मत

नागपूरजवळच्या वाडीच्या एखाद्या गोदामात किंवा बुटीबोरीच्या कारखान्यात नवा सर्व्हर बसवायला आलेला माणूस सुरुवातीलाच तीन गोष्टी विचारतो. नेटवर्क कार्डाचे किती पोर्ट एकत्र बांधायचे? डिस्क कोणत्या रेडमध्ये, म्हणजे एक गेली तरी माहिती वाचेल अशा कोणत्या जुळणीत, लावायच्या? आणि एक मशीन बंद पडलं तर काम कोणी उचलायचं? मालकाला हे खर्च वाढवायचे बहाणे वाटतात. पण यातला प्रत्येक प्रश्न जुन्या खोळंब्यातून आलेला आहे. हे खोळंबे वेगवेगळ्या काळातले आहेत, त्यामुळे त्यांवरचे उपाय एकमेकांना आपसूक सांभाळून घेत नाहीत.

नेटवर्कचा खोळंबा सगळ्यांत उघडा होता. इथरनेटची कल्पना १९७३ ची, झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी मांडलेली. १९८३ मध्ये त्याचं मानक ठरलं. आपल्याकडे अनेक ऑफिसांत ते आलं पातळ कोॲक्स केबलवरून, बरेचदा नॉवेल नेटवेअर या नेटवर्क सॉफ्टवेअरच्या सोबतीनं. एकच केबल सगळ्या टेबलांखालून फिरायची. एका तुकड्याची कमाल लांबी १८५ मीटर, प्रत्येक मशीनच्या पाठीशी टी-आकाराचा जोड आणि दोन्ही टोकांना ५० ओहमचं टर्मिनेटर. झाडू मारताना मधलाच एखादा जोड निसटला की केबलचे दोन तुकडे व्हायचे, दोघांचंही एकेक टोक उघडं पडायचं आणि पूर्ण ऑफिस थांबायचं. मग एकानं टेबलाखाली रांगत जोड हलवायचे, दुसऱ्यानं स्क्रीनकडे बघत ‘आलं, आलं, गेलं’ ओरडायचं.

१९९० मध्ये पिळाच्या तारांचं मानक आलं. प्रत्येक मशीनला आपली तार मिळाली आणि सगळ्या तारा हब नावाच्या मधल्या डब्यात जमल्या. हब गेला तर सगळंच गेलं, म्हणून दोन हब, पुढे त्यांच्या जागी स्विच नावाचे हुशार डबे, तेही दोन. पण दोन स्विच दोन तारांनी जोडले की आतला संदेश गोल गोल फिरत राहतो आणि काही क्षणांत नेटवर्क गुदमरतं. यावरचा उपाय डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्येच शोधला होता: जादा वाट बंद ठेवायची आणि पहिली तुटली तरच उघडायची. दोन्ही वाटा एकाच वेळी वापरायची सोय मानकात आली २००० साली. आजचं पोर्ट बाँडिंग हे त्याचंच रूप. दोन पोर्ट बांधून दोन्ही तारा एकाच स्विचमध्ये खोचायच्या, ही मात्र आपल्याकडची लाडकी सवय. स्विच गेला की दोन्ही तारा सोबतच जातात.

डिस्कची गोष्ट हिशेबातून सुरू झाली. बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ मध्ये एका निबंधात दाखवलं, की एका अवाढव्य महागड्या डिस्कऐवजी पीसीतल्या स्वस्त डिस्कांचा जुडगा लावला तर वेग जास्त आणि खर्च कमी. अडचणही त्यांनीच मांडली. एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकत असेल, तर शंभरांच्या जुडग्यात दर ३०० तासांनी, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत, एखादी जाणार. म्हणून जादा माहिती लिहून ठेवायच्या पद्धती आल्या आणि त्यांना एक ते पाच असे क्रमांक मिळाले. दोन डिस्का गेल्या तरी तगणारी ‘रेड सहा’ मागाहून रूढ झाली. डिस्का इतक्या मोठ्या झाल्या, की गेलेल्या डिस्कची भरपाई चालू असतानाच दुसरी दगा देईल ही भीती खरी ठरू लागली. रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे सांगून सांगून तंत्रज्ञांची जीभ झिजली; इथे एवढंच.

नागपूरला त्यात आणखी एक भर पडते. कोराडी आणि खापरखेड्याची वीजकेंद्रं शहराला लागून आहेत, तरी २००५ नंतर राज्यभर भारनियमनाची जी वर्षं आली त्यांत विदर्भाला ‘धरण उशाला, कोरड घशाला’ हाच अनुभव आला. लिहिता लिहिता वीज गेली की रेडमधली माहिती अर्धवट राहते. म्हणून डिस्कांचा जुडगा चालवणाऱ्या चांगल्या रेड कार्डावर छोटी बॅटरी असते. ती डिस्कवर पोचायच्या आधीचं लिखाण वीज नसतानाही जपते. बॅटरीला उष्णता सोसत नाही, आणि मे महिन्यात इथला पारा ४५ च्या वर जातो. बॅटरी निकामी झाली की बरीच कार्डं गुपचूप सावध होतात आणि प्रत्येक नोंद थेट डिस्कवर लिहू लागतात. तक्रार येते ती ‘सर्व्हर स्लो झाला’ अशी. मग मेमरी वाढवली जाते, अँटिव्हायरस काढला जातो, आणि कार्डाच्या यादीतली बॅटरीची लाल ओळ कोणी बघत नाही. एसीऐवजी सर्व्हरच्या कोपऱ्याकडे कूलर वळवणं हा आणखी एक वऱ्हाडी उपाय. हवा गार येते हे खरं, पण सोबत ओल आणि खाऱ्या पाण्याचे कणही येतात.

आता तिसरा प्रश्न. सगळ्यांत जास्त गैरसमज याच्याच वाट्याला आलेत.

एक यंत्र गेलं तरी काम चालू राहावं, ही गरज आधी बँका आणि शेअर बाजारांची. टँडेम कंपनीचं न थांबणारं यंत्र १९७६ चं. १९८३ मध्ये डिजिटलनं व्हॅक्सक्लस्टर जाहीर केला. त्यात अनेक संगणक माहितीच्या एकाच साठ्यावर काम करत. तिथेच एक पेच समोर आला. दोन संगणकांमधली तार तुटली तर प्रत्येकाला वाटतं की दुसरा मेला. दोघंही साठ्याचा ताबा घेतात, दोघंही लिहितात आणि साठ्याचा चिवडा होतो. डिजिटलनं उपाय काढला तो मतदानाचा. प्रत्येक यंत्राला मत द्यायचं आणि निम्म्याहून जास्त मतं ज्या बाजूला असतील तिनंच काम करायचं. दोन यंत्रांत मात्र हे गणित फसतं. बहुमताला दोन मतं लागतात, म्हणून एक गेलं की धडधाकट दुसरंही हात बांधून बसतं. तेव्हा तिसरं मत एका डिस्कला दिलं गेलं. १९९७ च्या विंडोज एनटीच्या क्लस्टरमध्येही दोन मशीन आणि त्यांच्यामध्ये निवाडा करणारी सामाईक डिस्क अशीच रचना होती.

ती सामाईक डिस्क महाग असायची. २००४ मध्ये आयस्कझी या पद्धतीचं मानक ठरलं, मग साध्या नेटवर्कवरून साठा वापरता येऊ लागला. व्हिएन्नात फिलिप राइसनर यांच्या प्रबंधातून सुरू झालेलं डीआरबीडी हे सॉफ्टवेअर त्याहून पुढे गेलं. सामाईक डिस्कच नको, एका मशीनची डिस्क नेटवर्कवरून दुसऱ्यावर जशीच्या तशी उतरवत राहायची. २०१० मध्ये ते लिनक्स या फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात आलं. दोन साधे सर्व्हर आणि फुकटातलं सॉफ्टवेअर एवढ्यात काम भागू लागलं, आणि सामाईक डिस्कसोबत तिसरं मतही निघून गेलं.

नागपूरच्या इतवारी बाजारातल्या व्यापाऱ्याला या सगळ्याची गरज भासली ती करांमुळे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. १ एप्रिल २०१८ पासून ५० हजारांवरचा माल राज्याबाहेर न्यायला ई-वे बिल लागू लागलं. सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या ई-इन्व्हॉइसची मर्यादा ५०० कोटींच्या उलाढालीपासून उतरत १ ऑगस्ट २०२३ ला ५ कोटींवर आली. आधी सर्व्हर बंद पडला तर दुपारपर्यंत कच्च्या चिठ्ठीवर भागायचं. आता बिल निघेपर्यंत ट्रक गोदामाबाहेर पडत नाही, आणि नागपूरहून निघणारे ट्रक चारही दिशांना दुसऱ्या राज्यांत जातात. तेव्हा दुसरा सर्व्हर आला. “भाऊ, दोन-दोन लावले ना, आता कायले बंद पडते?” असा मालकाचा सवाल असतो.

बंद पडण्यापेक्षा वाईट म्हणजे दोन्ही चालू राहणं. मधला स्विच तासभर रुसला, दोन्ही सर्व्हरांनी स्वतःला मुख्य मानलं, वरच्या मजल्यावरचे काउंटर एकावर आणि गोदामातले दुसऱ्यावर बिलं फाडत राहिले, तर एकाच नंबरची दोन बिलं दोन गिऱ्हाइकांच्या नावावर निघतात. स्विच परत आल्यावर सॉफ्टवेअर विचारतं, कोणत्या बाजूची माहिती फेकायची? यातून वाचवणारा जुना उपाय जरा क्रूर आहे. ताबा घेण्याआधी एका सर्व्हरनं दुसऱ्याची वीजच तोडायची. १९९८ मध्ये आलेल्या आयपीएमआय या दुरून सर्व्हर हाताळायच्या मानकामुळे हे मदरबोर्डवरच्या वेगळ्या पोर्टातून करता येतं. तो पोर्ट बहुतेक सर्व्हरांत असतो. तार खोचलेली क्वचितच दिसते.

२०२३ च्या नोव्हेंबरात ब्रॉडकॉमनं एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर कंपनी घेतली आणि एकदाच पैसे भरून मिळणारी लायसन्स बंद केली, तेव्हापासून छोट्या ऑफिसांत तेच काम करणाऱ्या प्रॉक्समॉक्सची चौकशी वाढली. त्यात तिसरं मत देणारं क्यूडिव्हाइस रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या संगणकावरही चालतं. मुख्य सर्व्हरांना एकमेकांचा निरोप काही मिलिसेकंदांत लागतो. क्यूडिव्हाइसला थोडा उशीर खपतो. म्हणून सर्व्हर इतवारीत आणि तिसरं मत वाडीच्या गोदामात, साध्या ब्रॉडबँडवर ठेवता येतं. त्याच रॅकमध्ये, त्याच यूपीएसवर ठेवलं, तर वीज जाताना तिन्ही मतं एकदमच जातात.